पहिला राउंड उभा करताना: पैसे खात्यात येण्याआधी कोणती कामं, कोणत्या क्रमाने

गेल्या पावसाळ्यात बाणेरहून दोन फाउंडर माझ्याकडे आले. प्रॉडक्ट चांगलं होतं, ग्राहक पैसे मोजत होते आणि पाच मित्रांनी मिळून ४० लाख रुपये दिलेही होते. "आता फक्त शेअर्स द्यायचे राहिलेत मॅडम, तेवढं करून द्या," म्हणाले. मी बँकेचं स्टेटमेंट मागितलं. सगळे पैसे कंपनीच्या रोजच्या चालू खात्यात आले होते. पहिली रक्कम तीन महिन्यांपूर्वीची, तिच्यासमोर लिहिलेलं ‘ऑल द बेस्ट भावा’. त्यातले ११ लाख पगारात आणि सर्व्हरच्या बिलात गेलेले. ठराव नाही, ऑफर लेटर नाही, व्हॅल्युएशन रिपोर्ट नाही.

शेअर्ससाठी पैसे घेतले की ६० दिवसांत शेअर्स द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही झालं नाही की कायदा त्या पैशांना ठेव मानतो, आणि प्रायव्हेट कंपनीला मित्रांकडून ठेवी घेता येत नाहीत. निस्तरायला चार महिने लागले. खर्च झालेले ११ लाख भरून काढायला एकाने वडिलांची एफडी मोडली. दरम्यान एक फंड टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, द्यायच्या बेतात होता, तो पुढे निघून गेला.

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करते. अशी फाइल वर्षातून तीन-चारदा तरी टेबलावर येते आणि दरवेळी जीव हळहळतो, कारण यातली बहुतेक मुलं मनापासून राबणारी असतात. चूक हेतूत नसते, क्रमात असते. पन्नास लाखांपासून तीन-चार कोटींपर्यंतचा पहिला राउंड, म्हणजे इन्व्हेस्टरकडून भांडवल घेण्याची पहिली फेरी, करू पाहणाऱ्यांसाठी तो क्रम इथे मांडते आहे.

१. आधी घर आवरा

इन्व्हेस्टरला भेटायला निघण्याच्या किमान दोन महिने आधी हे काम सुरू करा.

प्रोप्रायटरशिप असेल तर शेअर्स हा प्रकारच नाही. एलएलपीतही नाही. फंड आणि बहुतेक एंजल (स्वतःचे पैसे घालणारे इन्व्हेस्टर) प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतच पैसे घालतात. कंपनी आधीच असेल तर तीन गोष्टी बघा. पहिला ऑडिटर नोंदणीपासून ३० दिवसांत नेमला होता का? व्यवसाय सुरू केल्याचा आयएनसी-२०ए हा फॉर्म १८० दिवसांत भरला का? आणि दरवर्षीचे एओसी-४ (हिशेब) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म गेलेत का? उशिराची फी प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये आहे. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये नुसते फीचे. "उलाढालच नव्हती, म्हणून भरले नाहीत," हे मी फार वेळा ऐकलंय. उलाढाल शून्य असली तरी फॉर्म भरावेच लागतात.

मग मालकी. इथे जरा थांबा, कारण खरी दुखणी इथेच निघतात.

डोमेन कोणाच्या नावावर आहे? कोड कोणाच्या गिटहब खात्यात आहे? ॲप स्टोअरचं खातं कोणाच्या ईमेलवर? ट्रेडमार्कचा अर्ज कोणी केला? सुरुवातीच्या धावपळीत या सगळ्याला कुणातरी एकाचं क्रेडिट कार्ड लागलेलं असतं आणि ते नाव तसंच राहून जातं. हे सगळं कंपनीच्या नावावर आणा.

कोड फ्रीलान्सरकडून लिहून घेतला असेल तर पैसे दिले म्हणून कोड तुमचा झाला, असं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखी हस्तांतरण लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच मिळाले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. इंटरनेटवरून तयार करारनामा उतरवून सही घेतात, त्यात नेमक्या याच दोन ओळी नसतात. "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द हवेतच.

हिंजवडीत नोकरी करत रात्री प्रॉडक्ट बनवलं असेल तर तेव्हाचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. नोकरीच्या काळात केलेलं सगळं काम कंपनीचं, असं कलम अनेक आयटी कंपन्यांच्या पत्रात असतं. ऑफिसचा लॅपटॉप वापरला असेल तर वकिलाला आत्ताच दाखवा. इन्व्हेस्टरचा वकील हे विचारणार आहेच.

स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवरून डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग खात्याची) स्टार्टअप म्हणून मान्यताही याच टप्प्यात घ्या. सरकारी फी नाही, आणि पुढे चौथ्या टप्प्यात ती उपयोगी पडेल.

*तपासा: कंपनीचा पॅन, सर्व फॉर्मच्या पावत्या, ऑडिट झालेले ताळेबंद, हस्तांतरणाचे करार. हे एका फोल्डरमध्ये बसलं की पुढच्या टप्प्यावर जा.*

२. को-फाउंडरमधलं बोलणं कागदावर आणा

तीन मित्र, ३४-३३-३३. आठ महिन्यांनी एकाला एमएसला ॲडमिशन मिळते आणि तो अमेरिकेला जातो. वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण ३३ टक्के शेअर्स त्याच्याबरोबर जातात. पुढच्या प्रत्येक इन्व्हेस्टरला एक तृतीयांश कंपनी अशा माणसाच्या हातात दिसते जो कामावर नाही. अशा कंपनीत पैसे घालायला कोणी धजत नाही.

त्यावर उपाय वेस्टिंग. सर्वसाधारण पद्धत ४ वर्षांची, पहिल्या वर्षाचा क्लिफ. म्हणजे वर्षाच्या आत सोडलं तर काहीच पक्कं होत नाही, वर्ष झालं की एक चतुर्थांश पक्के, मग दर महिन्याला थोडे थोडे. भारतात फाउंडरच्या हातात शेअर्स आधीच असतात, म्हणून करारात लिहावं लागतं की न कमावलेले शेअर्स दर्शनी किमतीला बाकीच्यांना परत द्यायचे. मैत्रीत हा विषय काढायला अवघड जातं, मान्य आहे. पण सगळे आनंदात असताना तासाभरात संपणारं हे बोलणं भांडण झाल्यावर वर्षभर चालतं.

तोंडी आश्वासनांची यादीही करा. "तुला एक टक्का देऊ" असं पहिल्या डेव्हलपरला, एखाद्या सल्लागाराला, पहिला ग्राहक आणून देणाऱ्या काकांना म्हटलेलं असतं. व्हॉट्सॲप उघडा आणि ‘टक्के’ हा शब्द शोधा. प्रत्येकाशी बोलून तो विषय एकतर लेखी करा, नाहीतर लेखी संपवा. कर्मचाऱ्यांना द्यायचं ते ईसॉप (कर्मचाऱ्यांना पुढे शेअर्स घेण्याचा हक्क देणाऱ्या) योजनेतून द्या, आणि त्यात ग्रँट दिल्यापासून पहिलं वेस्टिंग होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, हे लक्षात ठेवा.

*सावधान: एक्सेलमधला कॅप टेबल (कोणाचे किती शेअर्स याचा तक्ता) आणि रजिस्टर ऑफ मेंबर्स (भागधारकांची कायदेशीर नोंदवही) जुळत नसतील तर रजिस्टर खरं धरलं जातं.*

३. किती मागायचे, ते खालून वर मोजा

"दोन कोटी उचलतोय" हा आकडा बहुतेक वेळा शेजारच्या स्टार्टअपने उचलले म्हणून आलेला असतो. त्याऐवजी महिन्याचा खरा खर्च काढा. पगार, पीएफ, भाडं, क्लाउडचं बिल, ऑडिटर, जीएसटी भरायची वेळ आणि ग्राहकाकडून पैसे येण्याची वेळ यातली दरी, आणि फाउंडरचा स्वतःचा पगारही. घर चालवण्यापुरता पगार घ्या. तो न घेणारे फाउंडर दहाव्या महिन्यात थकलेले मी पाहिलेत.

समजा महिन्याला निव्वळ ९ लाख जळतात. १८ महिन्यांचे १ कोटी ६२ लाख. त्यावर अडीअडचणीला २० टक्के धरले की साधारण १ कोटी ९४ लाख. म्हणजे २ कोटी. आता या आकड्याच्या प्रत्येक लाखाचं उत्तर तुमच्याकडे आहे. १८ महिने का? कारण पुढचा राउंड जमवायला सहा महिने सहज जातात, आणि हातात दाखवण्यासारखं काम व्हायला वर्ष लागतं.

४. पैसे कशाच्या बदल्यात घेणार?

चार मार्ग आहेत, आणि मराठी घरात पाचवाही निघतो, तो आधी बंद करते. तो म्हणजे "मित्राकडून उसने घेऊ, नंतर शेअर्समध्ये बदलू." डायरेक्टर स्वतःच्या पैशातून कंपनीला कर्ज देऊ शकतो, त्याचे नातेवाईकही देऊ शकतात. मात्र दोघांनीही हे पैसे आपण उसने आणलेले नाहीत असं लिहून द्यावं लागतं. मित्र यात बसत नाही. मित्राने डायरेक्टरला द्यायचे आणि डायरेक्टरने कंपनीला, असं फिरवलं तर ते लिहून दिलेलं खोटं ठरतं.

साधे इक्विटी शेअर्स: घरच्या माणसांच्या छोट्या रकमांसाठी सोपे.

सीसीपीएस, म्हणजे पुढे सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर्स: फंड आणि अनुभवी एंजल हेच मागतात. ते २० वर्षांच्या आत बदलले जावे लागतात, प्रत्यक्षात बदल खूप आधीच होतो.

कन्व्हर्टिबल नोट: फक्त डीपीआयआयटी मान्यता असलेल्या कंपनीलाच देता येते आणि एका माणसाकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख घ्यावे लागतात. पाच-पाच लाख देणाऱ्या दहा मित्रांसाठी हा मार्ग नाही. ‘नोट’ म्हणून पाच लाख घेतलेल्या तीन कंपन्या मी दुरुस्त केल्यात.

आयसेफ: अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये सेफ आणला, त्यावरून १००एक्स व्हीसी या फंडाने २०१९ मध्ये भारतासाठी आयसेफ बेतला. किंमत आज ठरवायची नाही, पुढच्या राउंडला ठरेल, फक्त वरची मर्यादा आज लिहायची. गैरसमज इथे होतो: सेफ म्हणजे दोन पानांचा करार, सही केली की झालं. भारतात आयसेफ हा सीसीपीएसचाच प्रकार आहे, त्यामुळे खाली आठव्या टप्प्यात सांगितलेली एकही पायरी चुकत नाही. अमेरिकी सेफचा नमुना उतरवून, ‘डेलावेअर’ खोडून ‘महाराष्ट्र’ लिहिलेले कागद माझ्याकडे येतात. ते वापरू नका.

आयसेफ साचत जातात, हेही बघा. २५ लाखांचे तीन, प्रत्येकी ५ कोटींच्या पोस्ट-मनी (नवे पैसे धरून कंपनीची किंमत) मर्यादेवर, म्हणजे ५-५-५ असे १५ टक्के गेले. ते आज कॅप टेबलात दिसत नाहीत, म्हणून वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.

५. भेटीगाठी

डेकबद्दल, म्हणजे इन्व्हेस्टरला दाखवायच्या सादरीकरणाबद्दल, फार लिहीत नाही. दहा-बारा पानं, पहिल्या तीन पानांत ग्राहक कोण आणि तो आज काय करून भागवतो हे कळलं पाहिजे, आकडे बँकेशी जुळले पाहिजेत. महिन्याची कमाई आणि आतापर्यंतची एकूण कमाई या दोन गोष्टी एकाच आलेखात मिसळू नका.

यादी करा. चाळीस-पन्नास नावं, प्रत्येकाने तुमच्या क्षेत्रात आधी पैसे घातलेत का, साधारण किती घालतो, ओळख कोण करून देईल. मुंबई आणि बंगळुरूच्या फंडांपर्यंत ओळखीने पोहोचणं सोपं जातं, आणि सर्वात चांगली ओळख त्या फंडाने आधी पैसे दिलेल्या फाउंडरची. इंडियन एंजल नेटवर्क, मुंबई एंजल्स यांच्याकडे थेट अर्जही करता येतो. पहिले पाच जण यादीतले सर्वात आवडते ठेवू नका. पहिल्या पाच भेटींत तुमची वाक्यं घासून नीट होतात.

सगळ्या भेटी तीन-चार आठवड्यांत बसवा. वर्षभर एकेक भेट करत राहिलं तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो.

या जगात तोंडावर नाही म्हणायची पद्धत फारशी नाही, म्हणून उत्तरं वाचायला शिका. "टचमध्ये राहू" म्हणजे आत्ता नाही. "लीड मिळाला की सांगा, आम्ही येतो" म्हणजेही आत्ता नाहीच, पण लीड (राउंडमधला मुख्य इन्व्हेस्टर) मिळाल्यावर जरूर फोन करा, कारण हे लोक बहुतेक वेळा खरंच येतात. "तुमचं एमआयएस पाठवा, दोन ग्राहकांशी बोलायचंय" हे मात्र कामाचं लक्षण (एमआयएस म्हणजे महिन्याच्या आकड्यांचा अहवाल). नकार आला तर आभार मानून एकच प्रश्न विचारा: काय दिसलं असतं तर हो म्हणाला असता? निम्मे जण मनापासून उत्तर देतात. मला या क्षेत्रातली ही गोष्ट फार आवडते. अनोळखी मुलाला आपला अर्धा तास देणारी माणसं इथे आहेत.

*सावधान: "आम्ही राउंड करतोय, इच्छुकांनी मेसेज करा" अशी पोस्ट लिंक्डइनवर टाकू नका. प्रायव्हेट प्लेसमेंटची (निवडक लोकांनाच शेअर्स देण्याची) जाहिरात करायला कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मनाई आहे. बंगळुरूतले लोक टाकतात म्हणून ते चालतं असं नाही.*

६. टर्म शीट: आकडा सोडून बाकीचं वाचा

टर्म शीट आली की सगळ्यांची नजर व्हॅल्युएशनवर जाते. आनंद व्हायलाच हवा, पेढे वाटा. पण सही दोन दिवसांनी करा.

टर्म शीट बहुतांशी बंधनकारक नसते, तीन कलमं सोडून: गोपनीयता, खर्च आणि एक्सक्लुझिव्हिटी. एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे त्या काळात दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. ३० ते ४५ दिवस ठीक. ९० दिवस लिहिले असतील तर कमी करून घ्या.

ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर्स) कुठे बसवलाय ते बघा. उदाहरण घेऊ. २ कोटी, ८ कोटी प्री-मनीवर (नवे पैसे येण्याआधीची किंमत), म्हणजे पोस्ट-मनी १० कोटी आणि इन्व्हेस्टरचे २० टक्के. तुम्हाला वाटतं आपले ८० राहिले. खाली एक ओळ असते: "राउंडनंतर १० टक्के पूल असावा, तो प्री-मनीत धरलेला आहे." आता फाउंडरांचे ७०,००० शेअर्स, पूल १०,०००, इन्व्हेस्टर २०,०००. एका शेअरची किंमत १,००० रुपये. तुमच्या शेअर्सचं मोल ७ कोटी झालं, ८ नाही, आणि वाटा ७० टक्के. पूल मागणं गैर नाही. पण १० टक्के खरंच लागणार आहेत का, हे पुढच्या १८ महिन्यांत कोणाकोणाला नेमणार त्याची यादी दाखवून बोला. यादीवर ६ टक्के पुरत असतील तर ६ मागा.

लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर आधी पैसे कोणाला आणि किती. समजा दोन वर्षांनी कंपनी ६ कोटींना विकली गेली. ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल तर इन्व्हेस्टर आपले २ कोटी किंवा २० टक्क्यांचे १ कोटी २० लाख, यातलं जास्तीचं घेईल, म्हणजे २ कोटी. बाकीच्यांना ४ कोटी. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर आधी २ कोटी आणि वर उरलेल्या ४ कोटींतले २० टक्के, एकूण २ कोटी ८० लाख. एका शब्दाने ८० लाखांचा फरक. पहिल्या राउंडला एकपट नॉन-पार्टिसिपेटिंगच मागा.

अँटी-डायल्युशनमध्ये (पुढचा राउंड कमी किमतीला झाला तर इन्व्हेस्टरला मिळणारं संरक्षण) ‘ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज’ हे शब्द हवेत. ‘फुल रॅचेट’ (इन्व्हेस्टरची किंमत थेट नव्या कमी किमतीवर आणणारं कलम) दिसलं तर थांबा.

आणि फाउंडरची वैयक्तिक जबाबदारी. कंपनीबद्दल दिलेली हमी चुकीची निघाली तर भरपाई कोणी करायची? करारात अनेकदा कंपनी आणि फाउंडर दोघंही लिहिलेले असतात. रकमेला आणि मुदतीला मर्यादा घालून घ्या. आई-वडिलांच्या घरापर्यंत ही जबाबदारी पोहोचता कामा नये. इथे पंधरा-वीस हजार वाचवायला वकील टाळू नका, आणि इन्व्हेस्टरचाच वकील दोघांचं बघेल हे मान्य करू नका.

७. ड्यू डिलिजन्स

इन्व्हेस्टर कंपनीचे कागद तपासतो तो हा टप्पा. पहिला टप्पा नीट केला असेल तर हा तीन आठवड्यांत संपतो. जे अपुरं आहे ते आपणहून सांगा, डिस्क्लोजरमध्ये लिहा. सांगितलेल्या चुकीवर सहसा तोडगा निघतो. त्यांनी शोधून काढलेल्या चुकीनंतर प्रत्येक आकड्याकडे शंकेने बघितलं जातं. मागच्या तारखेचे ठराव करून देऊ नका, तसं सांगणारा सल्लागारही नको.

८. पैसे घेण्याचा क्रम

ही पायरी छापून भिंतीला लावा. क्रम बदलायचा नाही.

१) अधिकृत भांडवल बघा. बहुतेक कंपन्या १ लाखाच्या अधिकृत भांडवलावर निघतात आणि त्यात प्रेफरन्स शेअर्सचा वर्ग नसतोच. आधी ते वाढवा, वर्ग घाला, ३० दिवसांत भांडवल वाढवल्याचा एसएच-७ हा फॉर्म भरा. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) प्रेफरन्स शेअर्स द्यायची मुभा आहे का, तेही बघा.

२) रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट. २०१२ पासूनचा एंजल टॅक्स २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तेव्हापासून "आता रिपोर्ट लागत नाही" असं पसरलंय. लागतो. तो कंपनी कायद्यासाठी लागतो, टॅक्सच्या बदलाशी त्याचा संबंध नाही.

३) बोर्ड मीटिंग. कोणाला, किती, कोणत्या किमतीला, ही नावं पक्की करा. एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या सिक्युरिटीसाठी २०० पेक्षा जास्त लोकांना ऑफर देता येत नाही. याच मीटिंगमध्ये स्वतंत्र बँक खाते उघडायचा ठराव करा. बँकेला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि बहुतेकांचं वेळापत्रक इथेच घसरतं.

४) ईजीएम (भागधारकांची विशेष सभा), विशेष ठराव. नोटीस पूर्ण २१ दिवसांची. मताचा हक्क असलेलं किमान ९५ टक्के भांडवल हाती असलेल्या बहुसंख्य भागधारकांची लेखी संमती असेल तर कमी दिवसांतही घेता येते.

५) एमजीटी-१४. ठराव रजिस्ट्रारकडे दाखल करा.

६) मगच पीएएस-४, म्हणजे ऑफर लेटर. प्रत्येकाच्या नावाने, अनुक्रमांक घालून, अर्जासह. एमजीटी-१४ च्या आधीच्या तारखेचं ऑफर लेटर ही मला सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. एकाच दिवसाची घाई, पण दोन्ही तारखा कायमच्या नोंदीत राहतात.

७) पैसे स्वतंत्र खात्यात. ज्याच्या नावाने ऑफर, त्याच्याच बँक खात्यातून. बायकोच्या खात्यातून नाही, त्याच्या फर्मच्या खात्यातून नाही, रोख तर नाहीच. जॉइंट खातं असेल तर नावाचा क्रम बघा. प्रत्येकाचा पॅन आणि पैसे कुठून आले याचा कागद घेऊन ठेवा, इन्कम टॅक्सवाले कंपनीलाच विचारतात. चार मित्रांनी पाचव्याकडे जमा करून त्याने एकगठ्ठा पाठवले तर शेअर्स त्या पाचव्याच्या एकट्याच्या नावावर लागतील.

८) वाटपाची बोर्ड मीटिंग, पैसे आल्यापासून ६० दिवसांच्या आत. शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंटवर सह्या पैसे येण्याआधीच झालेल्या असाव्यात.

९) पीएएस-३, म्हणजे वाटप झाल्याचं कळवणारा फॉर्म, वाटपापासून १५ दिवसांत.

१०) आणि आता पैसे वापरा. वाटप होऊन पीएएस-३ दाखल झाल्याशिवाय त्या खात्यातल्या एका रुपयालाही हात लावता येत नाही. पगाराची तारीख आली तरी नाही. म्हणून राउंड बंद होताना किमान दोन महिन्यांचा पगार आधीच्या पैशात हाताशी ठेवा.

*तपासा: एमजीटी-१४, पीएएस-४, पैसे, वाटप, पीएएस-३. या पाच तारखा ओळीने लिहा. एकही मागे-पुढे असेल तर पुढच्या इन्व्हेस्टरचा वकील तिथेच बोट ठेवेल.*

पैसे आधीच चालू खात्यात आले असतील तर? खर्च करू नका. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा आणि पहिल्या पायरीपासून नीट सुरू करा. मित्र समजून घेतात.

९. न्यू जर्सीतली मावशी

परदेशातल्या मराठी माणसाला इथल्या स्टार्टअपला हातभार लावायची खरी ओढ असते. पैसे येण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे पैसे पुढे परत परदेशी न्यायचे आहेत का?

‘नाही’ असेल आणि ती एनआरआय किंवा ओसीआय असेल तर नॉन-रिपॅट्रिएशन तत्त्वावर घ्या. ही गुंतवणूक देशांतर्गत धरली जाते आणि एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेकडे भरायचा फॉर्म) लागत नाही. ‘हो’ असेल तर पैसे परदेशातून बँकिंग मार्गाने किंवा एनआरई खात्यातून यायला हवेत, किंमत फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) व्हॅल्युएशनपेक्षा कमी नको, आणि वाटपानंतर ३० दिवसांत एफसी-जीपीआर भरायचा. उशीर झाला तर लेट फी. एनआरओ खात्यातून पैसे येऊन गेल्यावर "मला हे डॉलरमध्ये परत न्यायचे होते" असं कळणं फार महागात पडतं.

चीनसारख्या भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशातला इन्व्हेस्टर असेल तर २०२० च्या प्रेस नोट ३ मुळे नियम वेगळे आहेत. पैसे मागवण्याआधी वकिलाला विचारा.

१०. पैसे आल्यानंतरचे दोन महिने

शेअर सर्टिफिकेट वाटपापासून दोन महिन्यांत द्यायची असतात. लहान कंपनीच्या व्याख्येबाहेर असाल तर शेअर्स डीमॅटमध्येच द्यावे लागतात, म्हणून आयएसआयएन (शेअर्सचा डीमॅटसाठीचा ओळख क्रमांक) आधी काढून ठेवा. स्टॅम्प ड्यूटी ०.००५ टक्के, म्हणजे २ कोटींवर फक्त १,००० रुपये. रक्कम इतकी छोटी की लोक विसरतातच. करारांचा स्टॅम्प वेगळा, आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी ५०० चा लागतो. जुना नमुना असेल तर बदला.

रजिस्टर ऑफ मेंबर्स त्याच दिवशी लिहा. ठराव, फॉर्म, पावत्या, बँक स्टेटमेंट, सर्टिफिकेट, सगळ्याचा एक क्लोजिंग सेट करून त्याची एक प्रत घरी आणि एक ऑनलाइन ठेवा. इन्व्हेस्टरला महिन्याचा अपडेट एका ठरलेल्या तारखेला पाठवा: कमाई, खर्च, बँकेत शिल्लक, किती महिने पुरेल, कुठे मदत हवी. वाईट महिन्याचा अपडेटही त्याच तारखेला जाऊ द्या.

बाणेरच्या त्या दोघांचा राउंड शेवटी त्याच पाच मित्रांबरोबर झाला, या क्रमाने. सर्टिफिकेटवर सह्या करायला ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा ‘ऑल द बेस्ट भावा’वालाही सोबत आला होता. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊ का, असं त्याने विचारलं. करू नका, पुढे ट्रान्सफर किंवा डीमॅट करताना मूळ कागद जसाच्या तसा द्यावा लागतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.